महाविद्यालयांतर आणि प्रवेशाचा संभव : अमेरिकन उच्च शिक्षणाच्या इतिहासातील एक प्रकरण

एका महाविद्यालयात एक-दोन वर्षे अध्ययन करून नंतर अधिक नावाजलेल्या व अधिक पारखून प्रवेश देणाऱ्या दुसऱ्या महाविद्यालयात जाण्याची इच्छा विद्यार्थ्यांना पूर्वीपासून होत आली आहे. शिक्षणसंस्थांच्या इतिहासात मात्र या इच्छेला फारसे स्थान मिळालेले नाही. संस्थापकांची चरित्रे, इमारतींच्या कोनशिला, अभ्यासक्रमांतील फेरफार आणि पदवीधरांच्या याद्या यांनी हे इतिहासग्रंथ भरलेले असतात. मधल्याच वर्षी आलेला आणि मधल्याच वर्षी गेलेला विद्यार्थी त्यांत सहसा सापडत नाही. या क्रियेला मराठीत रूढ असा शब्दही नाही. बोलताना आपण 'कॉलेज बदलले' म्हणतो आणि कार्यालयात 'मायग्रेशन'चा दाखला मागतो. पक्षांतर, मतांतर या शब्दांच्या धर्तीवर प्रस्तुत लेखात 'महाविद्यालयांतर' हा शब्द योजिला आहे. तो थोडा जडबोजड आहे खरा, परंतु अर्थ नेमका सांगतो.

अशा विद्यार्थ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो 'तेथे माझा शिरकाव होण्याचा संभव किती?' हा. वरवर पाहता हा प्रश्न वैयक्तिक गुणवत्तेचा वाटतो. गुण चांगले असतील तर संभव अधिक, नसतील तर उणा, असे सामान्यतः समजले जाते. अमेरिकेतील महाविद्यालयांतराचा सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला असता हे उत्तर अपुरे ठरते. हा संभव कोणी, कशाने आणि कोणासाठी ठरविला, हे त्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही एका वर्षाच्या टक्केवारीवरून होत नाही. अमेरिकेचाच दाखला घेण्याचे कारण असे की, या विषयाला तेथे राज्यशासनाच्या धोरणाचे स्वरूप आले, तसे ते अन्यत्र क्वचितच आले असेल.

प्रथम आपल्याकडील जुन्या व्यवस्थेशी असलेला भेद ध्यानी घेतला पाहिजे. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर परीक्षा घेणारे व महाविद्यालये संलग्न करून घेणारे विद्यापीठ होते. विद्यार्थी कोणत्याही महाविद्यालयात शिको, परीक्षा विद्यापीठाची आणि पदवीही विद्यापीठाची. त्यामुळे एका महाविद्यालयातील शिक्षण दुसऱ्याने 'मानावे' की नाही, हा प्रश्न तितका तीव्र नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आरंभ केला, पुढे ते पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात गेले आणि अखेर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये बी. ए. झाले. तीन शहरे आणि तीन संस्था पालटूनही त्यांच्या परीक्षांचे सूत्र तुटले नाही. अडचण होती ती पैशाची आणि राहण्या-जेवण्याची. आधीच्या अभ्यासाची किंमत काय, ही अडचण नव्हती.

अमेरिकेत स्थिती नेमकी उलट होती. तेथे प्रत्येक महाविद्यालय स्वतःच शिकवी, स्वतःच परीक्षा घेई आणि स्वतःच पदवी देई. तेव्हा बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याने मागे काय शिकले आहे, याचा निवाडा नव्या महाविद्यालयालाच करावा लागे. एकोणिसाव्या शतकात हा निवाडा बहुधा समक्ष परीक्षेने होई. ज्या वर्गात बसावयाचे त्या वर्गाने आतापर्यंत वाचलेल्या ग्रंथांत उमेदवाराची परीक्षा घ्यावी, उतरला तर त्या वर्गात बसवावे, न उतरला तर खालच्या वर्गात, असा प्रघात होता. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन यांनी उत्तर कॅरोलायनातील डेव्हिडसन महाविद्यालयात १८७३–७४ हे वर्ष काढले, मग प्रकृतीच्या कारणाने ते घरी परतले आणि १८७५ मध्ये प्रिन्स्टनला (त्या वेळचे नाव कॉलेज ऑफ न्यू जर्सी) गेले ते पहिल्याच वर्गात. १८७९ मध्ये ते पदवीधर झाले. म्हणजे आधीचे वर्ष हिशेबाबाहेरच राहिले.

याहून बोलके उदाहरण डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांचे आहे. टेनेसी राज्यातील फिस्क विद्यापीठातून, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांच्या व त्यांच्या संततीच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेतून, ते १८८८ मध्ये बी. ए. झाले. हार्वर्डला जाण्याची आकांक्षा त्यांनी बालपणापासून धरलेली होती. हार्वर्डने त्यांना प्रवेश दिला, विद्यार्थिवेतनही दिले. परंतु फिस्कची पदवी पदवी म्हणून मानली नाही. त्यांना पदवीपूर्व तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसविण्यात आले आणि १८९० मध्ये त्यांनी दुसऱ्यांदा, या वेळी हार्वर्डची आणि विशेष प्रावीण्यासह, बी. ए. मिळविली. पुढे १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. या उदाहरणावरून दोन गोष्टी दिसतात. प्रवेश मिळणे ही एक गोष्ट, आणि आधीच्या वर्षांचे मोल मिळणे ही दुसरी. तसेच, हे मोल ठरविताना विद्यार्थी किती शिकला यापेक्षा तो कोठे शिकला यालाच अधिक वजन होते. आजही जो विद्यार्थी आपल्या संभवाचा अंदाज बांधतो तो बहुधा पहिल्याच गोष्टीचा विचार करतो आणि दुसरीचा अनुभव त्याला नंतर येतो.

समक्ष परीक्षेची ही रीत टिकणे शक्य नव्हते. चार्ल्स एलियट यांच्या कारकिर्दीत (१८६९–१९०९) हार्वर्डमध्ये ऐच्छिक विषयांची पद्धत फोफावली. सर्वांनी तेच ग्रंथ वाचावयाचे ही व्यवस्था मोडली, तेव्हा 'वर्गाने आतापर्यंत वाचलेले ग्रंथ' ही कसोटीच उरली नाही. तिची जागा मोजमापाने घेतली. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. या निवृत्तिवेतनाचा लाभ हवा असेल तर महाविद्यालयाने प्रवेशासाठी माध्यमिक शिक्षणाचे चौदा 'युनिट' मागितले पाहिजेत, असा दंडक प्रतिष्ठानाने घातला. मागोमाग उच्च शिक्षणातही आठवड्याच्या तासांवरून 'क्रेडिट' मोजण्याची रीत सार्वत्रिक झाली. पदवीला सुमारे १२० क्रेडिट, म्हणजे दोन वर्षांना साठ, हा हिशेब त्यातूनच रूढ झाला. अध्यापकांच्या म्हातारपणाची तरतूद करण्यासाठी आरंभलेल्या योजनेने विद्यार्थ्यांच्या ज्ञानाला नाण्याचे रूप यावे, हा इतिहासातील एक गमतीचा योग होय. नाणे झाले म्हणजे ते एका पेढीतून दुसरीत नेता येते. परंतु दुसऱ्या पेढीने ते दर्शनी किमतीला स्वीकारलेच पाहिजे असा कायदा कोणी केला नव्हता.

याच सुमारास महाविद्यालयांतराला जणू हमरस्ता करून देणारी संस्था जन्मास आली. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीची पहिली दोन वर्षे व नंतरची दोन वर्षे हे दोन स्वतंत्र टप्पे मानले आणि १८९६ पासून त्यांना अनुक्रमे कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय अशी नावे दिली. येथे एक खुलासा आवश्यक आहे : महाराष्ट्रात १९७५ नंतर अकरावी-बारावीच्या वर्गांना 'कनिष्ठ महाविद्यालय' म्हणण्याचा प्रघात पडला, त्याच्याशी या नावाची गल्लत होऊ नये. हार्पर यांच्या कल्पनेतील कनिष्ठ महाविद्यालय हे पदवीचाच पूर्वार्ध होय. त्यांच्या प्रेरणेने इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे, तेथील माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांनी १९०१ मध्ये असे महाविद्यालय चालू केले. आरंभी विद्यार्थी होते सहा. हार्पर यांचा हेतू निर्भेळ लोकहिताचा होता असे म्हणता येणार नाही. विद्यापीठाने आपली शक्ती संशोधनावर व वरच्या वर्गांवर खर्च करावी आणि पहिल्या दोन वर्षांच्या गर्दीचा भार अन्यत्र जावा, हाही त्यात भाग होता. रस्ता बांधणाऱ्याच्या मनात लोकांना आपल्याकडे आणण्याची इच्छा होती तशीच त्यांना काही काळ दूर ठेवण्याचीही होती, आणि हे द्वैत पुढे सर्वत्र आढळते.

खाजगी व प्रतिष्ठित महाविद्यालयांत याच काळात निराळे नाट्य चालू होते. हार्वर्डमध्ये १९०० च्या सुमारास शेकडा सात असलेले ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण १९२२ पर्यंत शेकडा वीसवर गेले. अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल यांना हे खुपू लागले. १९२२ मध्ये त्यांनी प्रवेशसमितीकडे ज्या सूचना केल्या त्यांत अन्य महाविद्यालयांतून येऊ इच्छिणाऱ्या ज्यू उमेदवारांचा स्वतंत्र उल्लेख होता : असामान्य बुद्धी व निष्कलंक चारित्र्य असल्यावाचून त्यांना घेऊ नये, असा त्याचा आशय. पहिल्या वर्षासाठी लेखी परीक्षा होती आणि तीत उतरलेल्याला नाकारणे अवघड होते; महाविद्यालयांतराच्या उमेदवाराला तशी परीक्षा नव्हती, त्याचा निर्णय समितीच्या मर्जीवर होता, आणि म्हणूनच भेदभावाला तेथून सोयीची वाट होती, असे अनुमान करावयास हरकत नाही. अध्यापकवर्गाने प्रथम अनुकूल ठराव केला व काही आठवड्यांतच तो मागे घेतला. १९२३ मध्ये चौकशी समितीने भेदभावाविरुद्ध अहवाल दिला. परंतु १९२६ च्या सुमारास 'चारित्र्य' व 'व्यक्तिमत्त्व' पाहण्याची रीत आणून लॉवेल यांनी आपले ईप्सित बव्हंशी साधून घेतले. आजच्या प्रवेश-अर्जांतील निबंध, शिफारसपत्रे आणि छंदांची विचारपूस यांची वंशावळ शोधू गेल्यास ती अशा अप्रिय पूर्वजांपर्यंत जाते.

हमरस्त्याची पुढची बांधणी झाली ती कॅलिफोर्नियात. १९०७ च्या कायद्याने तेथील माध्यमिक शाळांना पुढील दोन वर्षांचे शिक्षण देण्याची मुभा मिळाली. १९१० मध्ये फ्रेस्नो येथे पहिले असे महाविद्यालय निघाले आणि १९२१ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र जिल्हे निर्माण करण्याची तरतूद झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळू लागला, तेव्हा सर्वत्र गर्दी उसळली. त्यानंतर १९६० मध्ये ऑक्सिडेंटल महाविद्यालयाचे अध्यक्ष आर्थर कून्स यांच्या प्रमुखत्वाखालील मंडळाने, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने, उच्च शिक्षणाची जी बृहद्योजना सिद्ध केली तिला महाविद्यालयांतराच्या इतिहासात अनन्य स्थान आहे. माध्यमिक शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या अष्टमांशाला विद्यापीठ, वरच्या तृतीयांशाला राज्य महाविद्यालये, आणि कनिष्ठ महाविद्यालये सर्वांना खुली, अशी त्रिस्तरीय विभागणी तीत होती. पूर्वीच्या मानाने विद्यापीठाचे व राज्य महाविद्यालयांचे दार या योजनेने अरुंदच केले. या अरुंदपणाची भरपाई म्हणून महाविद्यालयांतराचे वचन देण्यात आले.

या वचनामागचे गणित पाहण्यासारखे आहे. विद्यापीठातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी पहिल्या दोन वर्षांत चाळीस टक्के आणि नंतरच्या दोन वर्षांत साठ टक्के असावेत, असे योजनेने ठरविले. शंभर विद्यार्थी धरले तर पहिल्या व दुसऱ्या वर्षात वीस-वीस आणि तिसऱ्या व चौथ्या वर्षात तीस-तीस. वीसांचे तीस होण्यासाठी तिसऱ्या वर्षाच्या दारात दहा जण बाहेरून यावे लागतात. मध्येच कोणी शिक्षण सोडले तर त्याहूनही अधिक. म्हणजे दोन नव्या विद्यार्थ्यांमागे एक महाविद्यालयांतरित हे प्रमाण विद्यापीठाच्या सदिच्छेवर सोडलेले नव्हते. ते जागांच्या मांडणीतच गुंफलेले होते. कनिष्ठ महाविद्यालयातून विद्यापीठात येणाऱ्यासाठी चारपैकी किमान २.४ गुणसरासरी आणि राज्य महाविद्यालयासाठी २.० अशी रेषाही आखण्यात आली. आपला संभव किती, या प्रश्नाला शासनाच्या धोरणाने आकड्यांत दिलेले इतके थेट उत्तर त्यापूर्वीच्या इतिहासात प्रस्तुत लेखकास आढळले नाही.

त्याच वर्षी, म्हणजे १९६० मध्ये, या चित्राची दुसरी बाजू समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी मांडली. कॅलिफोर्नियातीलच सान होजे येथील कनिष्ठ महाविद्यालयाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. त्यांना असे आढळले की महाविद्यालयांतराची आकांक्षा धरून येणारे पुष्कळ, प्रत्यक्षात जाणारे त्यांच्या मानाने थोडे. आणि या दोहोंमधल्या अंतराचा बोभाटा होऊ न देणे हे अशा महाविद्यालयाचे एक अव्यक्त कार्यच होऊन बसते. प्रवेशाच्या वेळच्या चाचण्या, सल्लागाराच्या भेटी, 'महाविद्यालयाची ओळख' करून देणारा पाठ, प्रगती नसल्याच्या सूचना आणि शेवटी परिवीक्षा, अशा पायऱ्यांनी विद्यार्थ्याला हळूहळू पटविले जाते की त्याच्यासाठी एखादा दोन वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रमच बरा. दार बंद झाले असे त्याला कोणी सांगत नाही. ते आपणच लोटून घेतले असे त्याला वाटते. क्लार्क यांनी या क्रियेला जे नाव दिले त्याचा अर्थ 'निववणे' असा होतो. तो शब्द त्यांनी अर्विंग गॉफमन यांच्या १९५२ च्या एका निबंधावरून घेतला, आणि गॉफमन यांनी तो उचलला होता ठकांच्या बोलीतून. सावज लुबाडले गेल्यावर त्याने पोलिसांकडे धावू नये म्हणून टोळीतला एक जण मागे राहून त्याची समजूत घालतो, त्या कामाचे ते नाव. उपमा कठोर आहे आणि सल्लागारांवर ती अन्यायकारकही आहे, कारण त्यांतील बहुतेक प्रामाणिकपणेच सल्ला देत असतील. परंतु एक गोष्ट क्लार्क यांनी निर्विवादपणे दाखवून दिली : 'तुझा संभव कमी आहे' हे विधान नुसते वर्णन नसते, अधिकाऱ्याच्या मुखातून आले म्हणजे ते त्या संभवालाच कमी करते.

पुढे आलेल्या मोठ्या पाहणीने ही निराशा सर्वस्वी खरी नसल्याचेही दाखविले. डोरोथी नोएल व लेलंड मेडस्कर यांनी दहा राज्यांतील सात हजारांवर महाविद्यालयांतरित विद्यार्थ्यांचा मागोवा घेऊन १९६५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्या ठिकाणी पहिल्या सत्रात गुण घसरतात, या घसरणीला त्याच वर्षी जॉन हिल्स यांनी 'स्थलांतराचा धक्का' अशा अर्थाचे नाव दिले. परंतु बहुतेकांचे गुण पुढे सावरतात आणि नोएल-मेडस्कर यांच्या पाहणीतील साठ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी तीन वर्षांच्या आत पदवीधर झाले, असे दिसून आले. २०१९ मध्ये जॅक केंट कुक प्रतिष्ठानाने प्रसिद्ध केलेल्या अहवालातही असेच आढळते. अत्यंत पारखून प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयांत समुदाय-महाविद्यालयांतून (कनिष्ठ महाविद्यालयांचे हे आजचे नाव) आलेल्यांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण शाळेतून थेट आलेल्यांच्या तोडीस तोड, किंबहुना किंचित अधिकच होते. तथापि अशा शंभर संस्थांतील एकूण विद्यार्थ्यांत ते अवघे पाच टक्के होते. दारातून आत गेलेला टिकतो. प्रश्न आहे तो दाराचा.

खाजगी प्रतिष्ठित महाविद्यालयांत हे दार इतके अरुंद का, याचे उत्तर विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेत शोधून सापडणार नाही. ते वसतिगृहांत आहे. समजा, एखाद्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी बाराशे विद्यार्थी आहेत आणि त्यांतील सत्त्याण्णव टक्के दुसऱ्या वर्षी परत येतात. तर रिकाम्या होणाऱ्या जागा छत्तीस. पंधराशे अर्ज आले तर संभव अडीच टक्क्यांहूनही कमी, मग अर्जदार कितीही गुणवान असोत. जेथून कोणी सहसा जात नाही तेथे कोणाला जाता येत नाही, असा हा प्रकार आहे. प्रिन्स्टनने १९९० मध्ये महाविद्यालयांतर बंदच केले. २०१८ मध्ये, प्रामुख्याने माजी सैनिक व समुदाय-महाविद्यालयांतील अल्प उत्पन्नाचे विद्यार्थी यांच्यासाठी, ते पुन्हा चालू झाले तेव्हा १,४२९ अर्जांतून तेरा जणांना प्रवेश देऊ करण्यात आला. हार्वर्डने २००८ मध्ये वसतिगृहांत जागा नसल्याचे कारण देऊन दोन वर्षांसाठी हे प्रवेश थांबविले होते. याउलट कॉर्नेल विद्यापीठात, जेथील काही शाखा न्यूयॉर्क राज्याच्या साहाय्याने चालतात व राज्यातील दोन वर्षांच्या महाविद्यालयांशी ज्यांचे करार आहेत, दरवर्षी कित्येक शेकडा विद्यार्थी अशा मार्गाने येतात; लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ही संख्या हजाराच्या वर जाते. बराक ओबामा १९८१ मध्ये ऑक्सिडेंटल सोडून कोलंबियास गेले हे सर्वश्रुत आहे. एखाद्या वर्षी दार किती उघडे होते हे न पाहता त्यांच्या उदाहरणावरून आजच्या विद्यार्थ्याने आपला अंदाज बांधणे म्हणजे मागच्या वर्षीच्या पावसावरून यंदाच्या पेरणीचा दिवस ठरविण्यासारखे होईल.

महाविद्यालयांतर नेहमी वरच्या दिशेनेच होते असेही नाही. जयप्रकाश नारायण १९२२ मध्ये अमेरिकेस निघाले व बर्कलेला दाखल झाले. तेथील शुल्क परवडेनासे झाल्याने त्यांनी आयोवा गाठले, आणि पुढे विस्कॉन्सिन व ओहायो अशी त्यांची भ्रमंती झाली. त्यांच्या बाबतीत खिशातील पैसे हाच संभवाचा मुख्य घटक होता, आणि आजही पुष्कळ ठिकाणी महाविद्यालयांतरित विद्यार्थ्याला मिळणारे अर्थसाहाय्य पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याहून कमी असते.

कॅलिफोर्नियाच्या वचनाचे पुढे काय झाले, ते संक्षेपाने सांगणे प्राप्त आहे. १९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने स्थावर मालमत्तेवरील करास मर्यादा पडली आणि त्यावर पोसल्या जाणाऱ्या समुदाय-महाविद्यालयांची ओढाताण सुरू झाली. कोणता विषय कोठे मानला जाईल हे विद्यार्थ्याला कळेना, म्हणून १९८० च्या दशकात त्याची सूची संगणकावर आणण्यात आली आणि १९९१ मध्ये सर्वसाधारण विषयांचा एक समान अभ्यासक्रम ठरला. २०१० च्या कायद्याने राज्य विद्यापीठात जाण्यासाठी खास पदवी निर्माण केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा शाखा ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्यास प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कले, लॉस एंजेलिस व सान दिएगो या तीन सर्वाधिक मागणीच्या शाखा देत नाहीत. तरीही लॉस एंजेलिस शाखेत अलीकडच्या वर्षांत शाळेतून येणाऱ्या अर्जदारांपैकी नऊ टक्क्यांच्या आसपास, तर महाविद्यालयांतराच्या अर्जदारांपैकी चतुर्थांशाच्या आसपास प्रवेश मिळवितात. या दोन आकड्यांवरून दुसरा मार्ग पहिल्याच्या तिपटीने सोपा आहे असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तो निष्कर्ष सदोष आहे. दुसऱ्या मार्गावर अर्ज करण्यापर्यंत पोहोचलेले आधीच चाळले गेलेले असतात. समुदाय-महाविद्यालयात येणाऱ्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के पदवीची इच्छा सांगतात. त्यांतील सुमारे तृतीयांशच सहा वर्षांत कोठे तरी महाविद्यालयांतर करतात आणि पदवीपर्यंत पोहोचतात ते सोळा टक्क्यांच्या आसपास. अर्जदारांच्या टक्केवारीत न दिसणारी ही गळती धरल्यावाचून संभवाचा हिशेब पुरा होत नाही.

शिवाय ती टक्केवारीही अनेक निरनिराळ्या संभवांची सरासरी असते. अभियांत्रिकीला व इतिहासाला अर्ज करणाऱ्यांचा संभव एक नसतो. पूर्वतयारीचे नेमके विषय पुरे केलेला व न केलेला यांचा एक नसतो. सांता मोनिका किंवा डी आंझा यांसारख्या, वर्षानुवर्षे विद्यार्थी पाठविणाऱ्या महाविद्यालयातून येणारा व ज्याच्या महाविद्यालयाचे नावच प्रवेशसमितीला अपरिचित आहे असा, यांचाही नसतो. ड्यूबॉइस यांच्या वेळचा 'कोठे शिकला' हा प्रश्न असा निराळ्या वेषात टिकून आहे. आणि क्रेडिटच्या नाण्याचे काय? अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २००४ ते २००९ या काळात महाविद्यालयांतर केलेल्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाटेतच गळाले. प्रवेश मिळाला म्हणून आनंदित झालेला विद्यार्थी जवळजवळ एका सत्राचे शुल्क दुसऱ्यांदा भरतो, हे त्या आनंदाच्या बातमीत लिहिलेले नसते.

हा विषय आता आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने श्रेयांकांची कल्पना केंद्रस्थानी आणली आणि २०२१ मध्ये श्रेयांकांची राष्ट्रीय पेढी स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या व्यवस्थेत जो प्रश्न परीक्षेच्या एकसूत्रीपणाने दडून राहिला होता तो, महाविद्यालये स्वायत्त होऊन आपापल्या परीक्षा घेऊ लागल्याने, गोखल्यांच्या काळाहून अधिक अमेरिकेच्या वळणाने पुढे येत आहे. सोलापूर वा नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयात दोन सत्रे काढलेली मुलगी पुण्या-मुंबईच्या नामांकित स्वायत्त महाविद्यालयाकडे पाहू लागेल, तेव्हा तिचे श्रेयांक पेढीत जमा आहेत एवढ्याने तिचा संभव कळणार नाही. त्या महाविद्यालयाने दुसऱ्या व तिसऱ्या वर्षात किती जागा मोकळ्या ठेवल्या, मागील वर्षी किती अर्ज आले, किती घेतले, कोणत्या विषयांचे श्रेयांक मानले, आणि आलेल्यांपैकी किती पदवीधर झाले, एवढे पाच आकडे तिला हवेत. अर्ज, प्रवेश व प्रत्यक्ष दाखल झालेले विद्यार्थी यांच्या संख्या अमेरिकेतील पुष्कळ महाविद्यालये 'कॉमन डेटा सेट' नावाच्या ठराविक नमुन्यात दरवर्षी प्रसिद्ध करतात, आणि त्यात महाविद्यालयांतरासाठी एक स्वतंत्र विभाग असतो.